मुकी ओढ शोधताना

छापखान्यात तिला सगळे मात्राताई म्हणायचे. मजकुरात कुठे मात्रा पडली, अनुस्वार उडाला, वेलांटी भलतीकडे वळली, की तिची पेन्सिल तिथे टेकलीच म्हणून समजा. मुद्रितं तपासण्यात उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर घरात म्हातारी आई, थोरला भाऊ आणि ती, एवढीच माणसं. मग तिने आपला मोर्चा वर्तमानपत्राकडे वळवला.

"बाई गं, आधी मला बातमी वाचू दे, मग काय दुरुस्त करायचं ते कर," दादा करवादायचा.

तिचे वडील नावाडी. नदीवर पूल झाला नव्हता तेव्हा माणसं, सायकली, शेळ्या सगळं त्यांच्याच होडीतून पलीकडे जायचं. त्यांची एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तरुणपणी एक चष्मेवाले साहेब त्यांच्या होडीत येऊन बसायचे, नदीबद्दल विचारायचे आणि सगळं लिहून घ्यायचे. "माझं बोलणं छापलंय पुस्तकात," बाबा छाती फुगवून सांगत. कुठलं पुस्तक, कोण साहेब, ते त्यांना ठाऊक नव्हतं. वाचता तर येतच नव्हतं. त्यांनी कधी काही जास्तच रंगवून सांगितलं, की आई विचारायची, "तेही छापलंय का?" सगळे हसायचे आणि बाबाही त्यात सामील व्हायचे. पण गोष्ट सांगायचं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

दादाच्या करवादण्याला कंटाळून मात्राताई सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागली. तिथे खिडकीलगत संगणक मांडले होते. जगभरातल्या ग्रंथालयांनी आपले जुने ग्रंथ, नियतकालिकं, सरकारी अहवाल पानापानाचे फोटो काढून त्यावर ठेवले होते. ग्रंथपालबाईंनी तिला खुर्ची ओढून दिली. "शब्द लिहायचा, की तो ज्या ज्या पानावर असेल ते पान समोर येतं. काय शोधायचंय तुम्हाला?"

"माझ्या वडिलांचं बोलणं," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. "बरं. काय बोलायचे ते?" त्यांनी इतक्या सरळपणे विचारलं, की मात्राताईला त्या तिथल्या तिथे आवडून गेल्या.

पण शोध काही सरळ नव्हता. 'नदी' लिहिलं तर पानांचा नुसता पूर आला. 'नावाडी' लिहिलं तर गाणी आली, कादंबऱ्या आल्या आणि होड्यांवरच्या कराचे अहवाल आले. त्यातून वाचायची सवय जुनी. एकदा पुलांच्या पायांवरचा ग्रंथ उघडला आणि सकाळ त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्यातल्या माशांचा प्रबंध.

"मिळाले का बाबा?" घरी दादाने विचारलं.

"कुठले? ते राहिले बाजूला, मी मासे वाचत बसले."

शेवटी ग्रंथपालबाईंनीच वाट दाखवली. "सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द नको. फक्त तेच बोलायचे असा एखादा शब्द आठवतोय का?"

आठवायला कशाला हवा होता? मुकी ओढ. नदीत जिथे वरून पाणी शांत दिसतं पण खालून प्रवाह ओढून नेतो, त्या जागेला बाबा मुकी ओढ म्हणायचे. हा शब्द तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मोठ्या आशेने तिने तो लिहिला. काहीच सापडलं नाही. पुन्हा लिहिला. काही नाही. त्या दिवशी ती घरी लवकर आली आणि वर्तमानपत्रालाही तिने हात लावला नाही.

तरी चैन पडेना. पुढच्या आठवड्यात एका जुन्या अहवालाचं पान चाळताना तिच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं आणि फोटोच्या जागी नुसता मजकूर उघडला. तो वाचून तिच्या अंगावर काटाच आला. 'मामा'चा 'भाभा' झालेला, 'गाढव' जाऊन 'गाठव' आलेलं!

"अहो, हे कुणी तपासलंय?"

"कुणीच नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पानाचा फोटो यंत्र वाचतं आणि त्याला जे दिसतं ते लिहून ठेवतं. आपण शोधतो ते त्याने लिहिलेल्यात."

मात्राताई वाचनालयात हसू नये हे विसरून मोठ्याने हसली. छपाईच्या जुन्या खिळ्यांत शाई भरली, की 'म' कुठे संपतो आणि 'भ' कुठे सुरू होतो ते माणसालाही कळत नाही. 'ढ'चं तर विचारूच नका. जन्मभर जिने दुसऱ्यांच्या चुका धरल्या, ती आता मान खाली घालून स्वतः चुका करायला बसली. 'मुकी ओठ' लिहिलं. 'मुकी ओद' लिहिलं. 'भुकी ओढ' लिहिलं. 'भुकी ओठ' लिहिल्यावर पडद्यावर एकच ओळ आली.

एका बंद पडलेल्या संशोधन-नियतकालिकातला लेख होता तो, नदीच्या प्रवाहांना नावाडी कोणकोणती नावं देतात त्यावरचा. तिने फोटोतलं पान मोठं केलं. चुनाभट्टीमागच्या उतारावर एक नावाडी भेटला, त्याच्या होडीच्या टोकाला तीन पायांचा कुत्रा बसलेला असे, असं लेखकाने लिहिलं होतं. तिने हात तोंडावर नेला. त्या कुत्र्याला टेकूनच ती चालायला शिकली होती. खाली त्या नावाड्याचं बोलणं जसंच्या तसं दिलं होतं: "पाणी बोलतंय तोवर भ्यायचं नाही. गप्प झालं की वल्हं आडवं धरायचं. ती मुकी ओढ. वर आरसा असतो, खाली हात असतात."

बाबांचा आवाज तिला कानाशी ऐकू आला. ग्रंथपालबाईंनी पानाची छापील प्रत काढून तिच्यापुढे ठेवली.

घरी तिने ते आईला वाचून दाखवलं. दादा दाराशी उभा राहून ऐकत होता. आईने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बोलणं त्यांचंच आहे. पण मुकी ओढ हा शब्द माझा."

"म्हणजे गं?"

"लग्न नवीन होतं. तुझ्या बाबांना राग आला की भांडायचे नाहीत. नुसते गप्प बसायचे आणि घरातल्या सगळ्यांना त्या गप्पपणात ओढायचे. मी एकदा म्हटलं, तुमची ही मुकी ओढ नको मला, त्यापेक्षा दोन शब्द बोला. तर हसायलाच लागले. दुसऱ्या दिवसापासून शब्द नदीवर घेऊन गेले!" आईने कागदावरून हात फिरवला. "आणि मी आपली त्यांनाच हसत राहिले, छापलंय का, छापलंय का म्हणून."

"त्यांनाही मजा यायची गं त्यात," दादा हळूच म्हणाला.

लेखात बाबांना 'एक नावाडी' एवढंच म्हटलं होतं. मात्राताईला ते सलत राहिलं. ग्रंथपालबाईंच्या मदतीने तिने तो लेख ठेवणाऱ्या दूरच्या ग्रंथालयाला ईमेल केली. उत्तर सौजन्याचं होतं: छापलेला लेख बदलता येणार नाही, पण सूचीतल्या नोंदीत टीप घालता येईल, काही आधार आहे का? तिने होडीवर उभ्या बाबांचा, कुत्र्यासकट काढलेला जुना फोटो पाठवला. आईचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठवलं. बरेच दिवस गेले. मग एका सकाळी नोंद उघडली तर लेखाच्या नावाखाली टीप आली होती. माहिती सांगणारे म्हणून बाबांचं पूर्ण नाव आणि शब्द देणारी म्हणून आईचं.

आईने ते ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "बरं झालं." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिने हुकूम सोडला, "बाकीचं वाच. बाकीचे नावाडी काय म्हणतात ते ऐकू दे."

आता रोज सकाळी मात्राताई एकेक पान वाचते आणि आई प्रत्येकाशी वाद घालते. पलीकडच्या काठाच्या नावाड्याला भोवऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, असं तिचं ठाम मत आहे.