गोलकीपर पसंत आहे

आमच्या घरात फुटबॉलमधलं सगळ्यात जास्त मला कळतं, कारण मी गोव्यात कांदा चिरतो.

नववीत शाळा सोडून इकडं आलो, एका खानावळीच्या मालकानं ठेवून घेतलं, देव त्याचं भलं करो. (घरी मी फक्त कांदाच चिरतो असं सांगितलंय. आमच्या घरात अंड्याचंही नाव काढत नाहीत.) खानावळीमागं मैदान आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यातला एका बाजूचा गोल दिसतो. एवढ्या भांडवलावर बीडकडच्या आमच्या दिंद्रुड गावात मी तज्ज्ञ झालो!

धाकटी बहीण शिवकांता, म्हणजे शिवा, शाळेच्या संघाची गोलकीपर. तिचे हातमोजे मीच पाठवलेले. पिवळे. भांडी घासायचे.

फुटबॉलच्या पोरी शोधायच्या तर लोक कोल्हापूरला जातात, मुंबईला जातात. बीडला कोण कशाला येतंय? पण शिवाचा मोबाइलवर घेतलेला खेळ फिरत फिरत पुण्याच्या एका कॉलेजच्या कोच मॅडमपर्यंत गेला आणि त्या चक्क यायला निघाल्या. निवड झाली तर फी माफ, हॉस्टेल माफ. नाही झाली तर बारावीनंतर शिवा वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, किराणा दुकानात. म्हणजे घरात शिक्षण सोडलेले दोन, आणि एकाचंच काय झालंय ते मी रोज बघतोच आहे.

आप्पांचा फोन आला. "मॅडम पोरगी बघाया यायल्यात. काय काय करावं लागंल?"

आता हे लग्नाचं नाही, हे आप्पांना माहीत होतं. मलाही. पण पोरगी बघायला माणूस आला की काय करायचं, याची आमच्याकडं एकच रीत आहे. दुसरी कुणाला येतच नाही!

"पोहे करा," मी म्हणालो. "आन् शिवाला सांगा, मान खाली घालायची. इचारल्याबिगर बोलायचं न्हाई. मोठ्यानं तर बिलकुल न्हाई!"

(गोलकीपर सामनाभर ओरडत असतो, हे मला माहीत नव्हतं. खिडकीत एक्झॉस्ट फॅन आहे.)

मॅडम आल्या. आप्पांनी मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. मायनं आधी मॅडमची ओटी भरली. ट्रॅकसूटला पदर कुठला? मॅडमनी बिचाऱ्यांनी टी-शर्टचं टोक धरलं आणि त्यात खण, नारळ, मूठभर तांदूळ घेऊन तशाच बसल्या.

"उंची किती हिची?"

"चांगली हाय," आप्पा म्हणाले. "रंगबी उजळ हाय, उन्हानं काळवंडली."

"झेप कशी घेते?"

"न्हाई न्हाई!" माय घाबरली. "लई गरीब हाय पोरगी. जागची हालत न्हाई!"

मॅडमनी पोहे खाली ठेवले.

शाळेच्या मैदानावर सिरसाळ्याच्या पोरींशी सामना सुरू झाला. मॅडम ओटी तशीच मांडीवर सांभाळत कडेला बसल्या. आप्पा फोन धरून गोलमागं उभे. शिवा मान खाली घालून, पिवळे हात पोटाशी जोडून, आता कांदेपोह्यांचा ट्रे तेवढा द्यायचा राहिलाय अशी उभी. पहिला गोल शेजारून गेला. दुसऱ्या वेळी आमच्याच दोन पोरी एकमेकींवर आपटल्या, कारण "सोड" म्हणायला मागून कुणी तोंडच उघडेना. मॅडमनी घड्याळ बघितलं.

माझा धीर सुटला. "शिवे, उजवीकडं! उजवीकडं जा!" मी गोव्यातून ओरडलो. पण ती मला पाठमोरी, आणि मला गोलकीपर समोरून बघायची सवय. सवयीनं मी बाजू उलटी सांगितली. ती बिचारी ऐकून उजवीकडं गेली. चेंडू डावीकडनं आत!

शिवा वळली.

"दादा! फोन ठेव! आप्पा, बंद करा त्याला, कांदा चीर म्हणावं तिकडं! आन् ए रुक्से, कावून उभी ऱ्हायलीस बे? मागं ये! पूजे, डावीकडली धर! सोडली तर बघ!"

आवाज स्टँडवर उभ्या बसपर्यंत गेला. पोरीच्या तोंडी 'बे' ऐकून मायनं पदर तोंडाला लावला. "आता कोण करतंय हिला!"

आप्पांनी फोन चालूच ठेवला, तोंड मी मिटलं. पुढचा चेंडू आला तो शिवानं आडवी झेप घेऊन धरला. त्याच्या पुढचाही. मग एकही आत गेला नाही. मॅडम उठून उभ्या राहिल्या. ओटीतला नारळ घरंगळत मैदानात गेला, त्यांना पत्ताच नाही.

"हा आवाज आधी कुठं होता?"

"दाबून ठिवला होता, मॅडम," आप्पा म्हणाले. "गोव्यावरनं तशी ऑर्डर होती."

आप्पांनी फोन तोंडासमोर धरला. "पसंत हाय म्हणल्या बे!" मला रडूच आलं. मालकानं विचारलं, काय झालं? कांद्याचं नाव सांगायची सोय नव्हती; मी त्या वेळी कोलंबी सोलत होतो.

शिवा आता पुण्यात शिकते. पण माणसं विसरलेली नाही. दर सामन्याआधी आठवणीनं फोन करते. "दादा, कुण्या बाजूला झेप घ्यावं सांग की." मी जीव तोडून सांगतो.

मग ती बरोबर दुसऱ्या बाजूला जाते.