जोडलेल्या दोन स्प्रिंगा

माझे पती सोमवारी वारले. त्या दिवशी दुपारी त्यांचा बारावीचा वर्ग होता.

लातुरात एकाच क्लासमध्ये आम्ही दोघं भौतिकशास्त्र शिकवायचो. स्प्रिंग आणि स्थितिस्थापकता त्यांच्याकडे, वीज आणि इंडक्टर माझ्याकडे. त्यांना इंडक्टरचं गणित दिलं की ते आधी त्याची स्प्रिंग करत, ती सोडवत आणि मग उत्तर परत विजेत आणत. बिलोलीहून जवळच्या उमरीला व्हाया लातूर, असं मी म्हणायचे.

"पोचतो ना पण?" ते म्हणत आणि माझ्या माहेरावर घसरत. "तुम्ही अहमदपूरवाले स्टँडवरच भांडत बसता."

परीक्षा जवळ आली होती. क्लासचे संचालक मला म्हणाले, "मॅडम, जमत नसेल तर सरांची बॅच दुसऱ्या कुणाला देऊ." ती बॅच परक्या हातात जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. म्हणून तेरावं आटोपल्यावर मी त्यांच्या वर्गात उभी राहिले.

पहिलंच गणित सोपं होतं. दोन सारख्या स्प्रिंगा एकीच्या टोकाला दुसरी अशा जोडल्या. प्रत्येकीचा स्थिरांक दोनशे, तर मिळून किती? मी फळ्यावर चारशे लिहिलं. इंडक्टर असे जोडले की बेरीज होते, आणि इतकी वर्षं माझा हात तेच करत आलेला. पर्यायांत चारशे होतंही.

वर्गात कुणी बोलेना. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, शंभर येतंय. जोडल्यावर लांब होतेत ना, मग ताणायला सोप्या जातेत."

"मग इतका वेळ गप्प का होतात सगळे?"

"सर सांगून ठेवले होते," ती खाली बघत म्हणाली, "मॅडमच्या हातात स्प्रिंग दिली की त्या बेरीजच करतेत. लगेच टोकू नका म्हणले. लई चिडतेत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि घाबरून थांबलं. मग मलाच हसू आलं. माझ्या पाठीमागे हे वर्गात असलं शिकवत होते तर! मी चारशे पुसून शंभर लिहिलं आणि विचारलं, "आणखी काय काय सांगितलंय सरांनी?" सगळा वर्ग एकदम बोलायला लागला.

तास संपल्यावर संचालकांना सांगितलं, बॅच माझ्याकडेच राहील.

आता दोन्ही भाग मी शिकवते. गणितं आदल्या दिवशी सोडवून ठेवते. चूक झाली तर वर्गात कळतं. घरी सांगणारं कुणी नाही.