बिनबाह्यांची आत्या

साठच्या दशकात नागपुरात जे जे काही नवं आलं, ते आधी माझ्या आत्याच्या अंगावर आलं आणि मग बाकीच्या शहराला मिळालं, असं माझं ठाम मत आहे. इतिहासकारांना हे मान्य होणार नाही. पण इतिहासकार तेव्हा सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत राहत नव्हते, मी राहत होते. गॉगल, टोकदार सँडल, नायलॉनची साडी, बाह्या नसलेला ब्लाउज आणि डोक्यावर मंदिराच्या कळसासारखा चढत गेलेला अंबाडा, हे सगळं मी प्रथम आत्यावर पाहिलं. पुढे ते इतर बायकांवर दिसू लागलं तेव्हा मला वाटायचं की यांनी आमच्या घरून काहीतरी उचलून नेलंय. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. घर कोष्ट्यांचं. समोरच्या खोलीत आजोबांचा हातमाग, दिवसभर त्याची खटखट, आणि त्या खटखटीच्या तालावर मागच्या खोलीत आरशासमोर उभी राहून आत्या केस उलटे विंचरायची.

त्या अंबाड्याचं शास्त्र सांगायला हवं. नुसत्या केसांचा अंबाडा फार तर लिंबाएवढा व्हायचा आणि फॅशन होती नारळाची. शहाण्या मुली आत भरायला बाजारातून काहीबाही आणत. आत्याने बाजारात जायचं कारणच नव्हतं, भरायचा माल पुरवणारा घरातच माग चालवत बसला होता. ती आजोबांच्या सुताच्या लड्या उचलायची. सकाळी आजोबा कोपऱ्यात शोधत राहायचे, "माझी लडी कोठं गेली वं? आता तं इथंच होती." आणि त्यांच्यासमोरून ती लडी टोकदार सँडल वाजवत कॉलेजला निघून जायची.

एका मे महिन्यात मात्र घात झाला. त्या दिवशी हाताशी आली ती ताजी रंगवलेली लाल लडी. बसच्या थांब्यावर नागपूरच्या उन्हाने आपलं काम केलं, आणि आत्याच्या मानेवरून लाल ओघळ पाठीवर उतरू लागले. "अवं बाई, रगत!" म्हणून एक म्हातारी किंचाळली. लोकांनी आत्याला काही बोलूच दिलं नाही. दोघांनी धरून रिक्षात घातलं, एकाने पत्ता सांगितला, आणि जवळच्या दवाखान्यात डॉक्टर यायच्या आत कंपाउंडरने मोठ्या तत्परतेने तिच्या अंबाड्याला बँडेज बांधलं. ती तशीच घरी आली. आजीने ऊर बडवायला सुरुवात केली. आजोबा मागावरून उठले, बँडेज सोडलं, आतलं सूत बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "रंग कच्चा निघाला." नंतर पोरीकडे वळून विचारलं, "तुले तं काही झालं नाही नं?"

बाह्यांचं प्रकरण याहून अवघड होतं. आमचा शिंपी देवभोळा माणूस. आत्याने बिनबाह्यांचा ब्लाउज शिवायला टाकला, तेव्हा त्याने दोनदा माप घेतलं, दोनदा कापड मोजलं आणि गंभीर होऊन माझ्या वडिलांकडे आला. "भाऊ, कपडा कमी पडला असंल तं मोकळेपणानं सांगा. बाह्यांपुरता मी माझ्याकडचा लावतो, घरचंच समजा." वडिलांनी नुसते हात जोडले. शेवटी त्याने ब्लाउज शिवला, पण बाह्या वेगळ्या शिवून पुडीत बांधून सोबत दिल्या, पोरीला कधी अक्कल आली तर असाव्यात म्हणून. आत्याने त्या बाह्यांत जिरे आणि मोहरी भरून ठेवली. कित्येक वर्षं आमच्या फोडणीला फॅशनचा वास होता.

कॉलेज संपल्यावर ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर लागली. तिथे वरिष्ठ बाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "हेडफोन तरी घाल, नाहीतर अंबाडा तरी." आत्याने दोन्ही घातले. हेडफोन आधी चढवून त्याच्याभोवती अंबाडा बांधायची युक्ती तिने काढली. त्यामुळे कामावर असेपर्यंत तिला तो काढता येत नसे, आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्या डोक्यातून वायर लोंबत असे. पण आवाज असा गोड की नंबर लागला नाही तरी लोक थँक्यू म्हणायचे.

पहिल्या पगाराच्या दिवशी ती गांधीबागेच्या बाजारातून नायलॉनची साडी घेऊन आली. हलकी निळी, वर पांढरी फुलं. हातमागावर जगणाऱ्या घरात नायलॉन येणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. एवढं आठवतं की खटखट थांबली. आजोबांनी पदर मुठीत घेतला, चुरगळला, मूठ उघडली. साडी पुन्हा जशीच्या तशी. "सुरकुती पडत नाही काय?"

"नाही बाबा. इस्त्रीही लागत नाही."

"अन् फाटत?"

"लवकर नाही फाटत म्हणतात."

आजोबांनी पदर तोंडाशी धरून फुंकर घालून पाहिली. मग म्हणाले, "वारा जात नाही यातून. उन्हाळ्यात मरशीन." आणि परत मागावर जाऊन बसले. आजीने मात्र कुठूनतरी ऐकलं होतं की नायलॉन चुलीजवळ गेलं की भस्सकन पेटतं. तिने फर्मान काढलं की ही साडी नेसून स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. त्या दिवसापासून आत्या रोज नायलॉन नेसू लागली.

अशा मुलीला स्थळ कुठून येणार, याची चिंता अख्ख्या गल्लीने वाटून घेतली होती. तरी एक आलं, उमरेडहून. आपल्याच समाजातलं, मुलगा सरकारी कचेरीत कारकून आणि त्याला म्हणे मॉडर्न मुलगी हवी होती. तो आला आणि मी थक्क झाले, कारण तो पुरुषांमधली आत्याच होता! कपाळावर केसांचा फुगा, टोकदार बूट आणि पॅन्ट इतकी तंग की ती घालून झाल्यावर शिवली असावी. बसायला आम्ही सतरंजी अंथरली होती. मुलाचे वडील बसले, मामा बसले, आई बसली. मुलगा उभाच. "बसा नं बाप्पा," आजोबा म्हणाले. त्याने गुडघे वाकवून पाहिले, ते अर्ध्यातच थांबले. शेवटी तो आधी भिंतीला टेकला, मग पाय समोर सरळ ठेवून घसरत घसरत खाली आला आणि उघडलेल्या कंपासासारखा बसून राहिला.

आत्या पोहे घेऊन आली. निळी नायलॉन, उघडे दंड, डोक्यावर भला मोठा अंबाडा. मुलाच्या आईने आपला पदर आपल्याच खांद्यावरून ओढून घेतला. मुलगा मात्र असा पाहत राहिला की बशी घ्यायला पुढे झुकला ते पॅन्टचा विचार न करताच. टर्र असा आवाज झाला. मामांनी छताकडे पाहिलं. आणि आत्या हसली. तोंडावर हात वगैरे न ठेवता, मोकळी खदखदून हसली. क्षणभराने तोही हसायला लागला. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते आणि बाकी सगळे मयतीला बसल्यासारखे. मग आत्या उठली, मागाजवळ घडी करून ठेवलेलं हिरवं लुगडं उचलून त्याच्या हातात दिलं. "गुंडाळा हे. बाबांनी विणलं आहे, फाटाचं नाही." माणसाच्या डोळ्यांत पसंती अशी लख्ख उमटलेली मी पुन्हा फारशी पाहिली नाही.

मग मोठी माणसं बोलू लागली. मुलाच्या आईने अटी सांगितल्या. ब्लाउजला बाह्या पाहिजेत, डोक्यावर पदर पाहिजे आणि नोकरी सोडावी लागेल.

"बाह्या लावतो," आत्या म्हणाली. घरातल्या सगळ्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "पदर घेतो. नोकरी नाही सोडत."

"आमच्याकडं सुना नोकरी करत नाहीत."

आत्याने मुलाकडे पाहिलं. मॉडर्न मुलगी पाहिजे म्हणणारा तो लुगड्याच्या निऱ्या सावरत बसला होता. मंडळी उठली. आमच्या गल्लीतून एक तरणाबांड मुलगा हिरवं नऊवारी लुंगीसारखं गुंडाळून, खाली टोकदार बूट घालून निघाला, तो देखावा लोकांना बरेच दिवस पुरला.

काही दिवसांनी तो एकटाच आला, सायकलवर. लुगडं धुऊन, घडी करून आणलं होतं. आत्या नुकतीच कामावरून आली होती. मी दाराआडून डोकावत होते.

"आई म्हणते..." त्याने सुरुवात केली.

"आईचं मले त्या दिवशीच समजलं. तुमचं काय म्हणणं आहे ते विचारून राहिली मी."

तो उभाच राहिला. बुटांच्या टोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं. आत्या वाट पाहत होती, तिच्या मानाने फारच शांतपणे. "चहा ठेवू का?" तिने विचारलं.

"नको. येतो मी," असं म्हणून तो सायकलवर बसला. या वेळी पॅन्ट सैल होती.

त्या पिढीचं हे असंच झालं. कपडे सातासमुद्रापलीकडून आले, केस कुठल्या कुठे गेले, पण हो किंवा नाही म्हणायची वेळ आली की सगळे आपापल्या आईच्या मागे जाऊन उभे राहिले. आत्याने नंतर स्थळं पाहू दिली नाहीत. कोणी विषय काढला तर म्हणायची, "ड्युटी आहे," आणि खरोखरच निघून जायची.

हळूहळू गल्लीतली खटखट कमी होत गेली. शेजारचे दोन माग उठले, मग समोरचा. घरोघरी सुरकुती न पडणारी साडी आली होती. आजोबांचा माग थांबला त्या दिवशी आत्या कपाटातल्या नायलॉनच्या साड्या बाहेर काढून पलंगावर ढीग घालून बसली होती. आजोबा आत आले. "हे काय करून राहिली?"

"देऊन टाकतो कोणाले तरी."

"काहून? तू नेसली नसती तं का माग चालत राह्यला असता?" त्यांनी एकेक साडी उचलून तिच्या मांडीवर परत ठेवली. "नेस. घरात एकानं तरी हौस करावं." त्यानंतर घर बरंचसं आत्याच्या नोकरीवर चाललं. आजोबा दारातल्या खाटेवर बसायचे आणि रोज सकाळी ती निघाली की तपासणी करायचे. "पदर आखूड राह्यला." "हा रंग तुले नाही शोभत वं." फॅशनवर इतकं बारीक लक्ष असलेला म्हातारा मी दुसरा पाहिला नाही.

आता आत्याने ऐंशी ओलांडली आहे. मनीषनगरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि अजूनही कोणाच्या मागे नाही. ऐकायला कमी येऊ लागलं तेव्हा डॉक्टरांनी कातडीच्या रंगाचं, कोणाला दिसणार नाही असं यंत्र दाखवलं. "मोठा खर्च करायचा अन् दिसायचं नाही?" म्हणून तिने लालभडक निवडलं. परवा माझी नात गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून तिला भेटायला आली, सोबत एका प्रदर्शनातून घेतलेली हातमागाची साडी. साडीला एक कार्ड लटकवलेलं, त्यावर मागावर बसून प्रसन्न हसणाऱ्या विणकराचा फोटो. आत्याने चष्मा लावून तो निरखला. "इतका हसणारा विणकर मी जन्मात नाही पाह्यला," ती म्हणाली. मग गुडघ्यांकडे वळून, "अन् हे? फाटलं की फाडलं?"

"विकतानाच फाडून देतात, आजी. फॅशन आहे."

"बाप्पा!" आत्या एवढंच म्हणाली, पण चेहऱ्यावर शुद्ध असूया होती.

नात गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. दुपारची वेळ, गॅलरीत ऊन आलं होतं. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "आत्या, तो उमरेडचा पुन्हा कधी भेटला?"

तिला ऐकू गेलं नाही असं वाटलं. मी पुन्हा विचारणार तेवढ्यात ती बोलली. "भेटला नाही. बोलला एकदा. ट्रंक कॉल लावला होता त्यानं उमरेडहून, नागपूरच्या दवाखान्यात. बायको बाळंतीण होती. मीच ड्युटीवर. नाव सांगितलं तवाच समजलं."

"मग?"

"मग काय? लावून दिला. बायकोले फोनजवळ बोलावलं, तं हा रडूनच राहिला. पोरगी झाली होती. नाव काय ठेवायचं ते विचारत होता. आई हे म्हणते, पण तू सांग, तू म्हणशील तेच ठेवू, असं म्हणे." आत्याने तीन बोटं वर केली. "तीन मिनिटं झाले की लाइन कापायचा नियम होता आमचा."

"कापलीस?"

"नाही वं. बोलू देलं. चांगला बोलून राहिला होता."

"त्यानं तुझा आवाज ओळखला?"

"कायले ओळखते! शेवटी म्हणाला, थँक्यू ऑपरेटर."

तिने कानातलं लाल यंत्र काढून ओटीत ठेवलं आणि गॅलरीतल्या उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले. मी काहीतरी बोलले. तिला ते ऐकू गेलं नाही, आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.