आठ दिवसांची बोली

माणूस आठ दिवस ठेवून बघायचा आणि नाही पटला तर परत पाठवायचा, अशी सोय असते हे मला कळलं तेव्हा माझ्या लग्नाला सतरा वर्षं होऊन गेली होती.

सांगणाऱ्या बाई लातूरच्या. घरकामाला आणि बाळ सांभाळायला बायका पुरवायचं त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. "आठ दिवस ट्रायल. घरच्यांना पटलं तर पक्कं," त्या म्हणाल्या. "आणि नात्यातल्या दोघी आम्ही एका घरी ठेवत नाही. मागं दोन बहिणी पाठवल्या होत्या. त्या दिवसभर भांडल्या आणि बाळ पलंगाखाली सापडलं."

मी म्हटलं, मला नात्यातलं कुणीच नाही. (आमच्या घरात जेवायला अकरा माणसं असतात.)

काम हवं होतं ते मुलीसाठी. ती दहावीला होती आणि पुढं लातूरला खोली करून शिकायचं म्हणत होती. पण शिरूर अनंतपाळात चांगली शेती असलेल्या घरातली सून लोकाचं पोर सांभाळायला जाते म्हटल्यावर सासूबाई काय करतील, याचा अंदाज मला होता. म्हणून घरी सांगितलं, लातूरला शिलाईचा क्लास लावलाय, आठ दिवसांचा.

"आठ दिवसांत काय शिकिवतेत? काज-बटन?" सासूबाईंनी विचारलं. तेवढ्यावर सुटले.

सोमवारी सकाळी साडेसातची एसटी धरून मी मॅडमच्या घरी पोचले. मॅडम घरूनच कंप्युटरवर काम करायच्या. बाळाचं नाव ओवी, वय नऊ महिने, आवाज मात्र चांगला मोठ्या माणसाचा. मी तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, ती गप्प झाली. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तेवढ्यात बेल वाजली.

"दुसऱ्या बाई आल्या वाटतं," मॅडम म्हणाल्या. "मी ऑफिसला सांगितलंय, दोघी पाठवा. आठ दिवस दोघींना बघते, मग एक ठेवते."

दार उघडलं. दारात माझी थोरली जाऊ उभी होती.

तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. आमच्या चुली वेगळ्या, भिंत एक. आठवडाभर ती घरात लंगडत होती आणि गुडघ्याचे शेक घ्यायला आठ दिवस लातूरला जायचंय, असं सांगत होती. मॅडमच्या दारात मात्र ती दोन मजले चढून आली होती आणि तिला धापसुद्धा लागली नव्हती.

"ओळखता का तुम्ही एकमेकींना?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," अक्का म्हणाली.

"कधीच बघितलं नाही," मी म्हणाले.

दुपारी मॅडमनी चहा दिला आणि सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

अक्कानं माझ्याकडं न बघता सांगायला सुरुवात केली. "सासू हाय. एक धाकटी जाऊ हाय. लई शिकल्याली. तिला भाकर येत न्हाई, थापाया बसली की नकाशा होतोय. पन बोलाया पुढं."

"बापरे," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमच्याकडं?"

"मला थोरली जाऊ आहे," मी म्हणाले. "कामाची वेळ आली की तिचा गुडघा दुखतो. लग्नाची वरात निघाली की बरा होतो."

"अवघड असतं हो," मॅडम आम्हा दोघींना म्हणाल्या. "तुमच्या दोघींचं जमेल बघा."

संध्याकाळी परतीच्या गाडीत आम्ही एकाच सीटवर बसलो. अर्धी वाट सरली. मग अक्का म्हणाली, "घरी बोलायचं न्हाई."

"नाही."

"आन तिथं आपन वळखीच्या न्हाई."

"नाही." मग मी विचारलं, "भाकरीचा नकाशा होतो का माझ्या?"

"परवाचा तर हुबेहूब कर्नाटक हुता."

दुसऱ्या दिवसापासून खरी चढाओढ लागली. मी बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं आणि झोपवलं. मी कपडे वाळत घालून येईपर्यंत अक्कानं ते उठवलं, पुन्हा तेल लावलं आणि पुन्हा न्हाऊ घातलं. मला वाटलं, हिनं नीट घातलं नसणार. म्हणून तिसऱ्यांदा तेल मी लावलं. दुपारी मॅडम बाळाला घ्यायला आल्या, तर ते त्यांच्या हातातून साबणासारखं निसटून गादीवर पडलं आणि हसायला लागलं. हसलं म्हणून आमची नोकरी वाचली.

दर दुपारी सासूबाईंचा फोन यायचा. आधी मला. "काय शिकिवलं आज?" मी सांगायचे, ब्लाऊजची बाही. पाच मिनिटांनी अक्काचा फोन वाजायचा. अक्का चालत चालत कण्हायची. मॅडम घाबरून विचारायच्या, "बाई, दुखतंय का काही?" ती म्हणायची, "न्हाई मॅडम, सवय हाय."

गुरुवारी मात्र वेगळंच झालं. मी बाळासाठी बटाटा कुस्करत होते, मॅडम शेजारी उभ्या होत्या आणि अक्का पाळणा हलवत होती. मॅडमनी तिला विचारलं, "तुमच्या त्या शिकलेल्या जावेचं तुमच्याशी पटत नाही का हो?"

अक्कानं पाळण्यातलं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "तिचा काय कसूर न्हाई, मॅडम. ती बारावी झाल्याली. बँकेत गेलो तर ती सही करती अन् मी अंगठा. लाज वाटती. म्हनून मी तिला टोचून बोलते. न्हाईतर मानूस चांगली हाय."

माझ्या हातातला बटाटा पिठासारखा झाला तरी मी कुस्करतच होते. शेवटी म्हणाले, "तिला कळत असेल."

"काय कळतंय," अक्का म्हणाली. "बारावीत ते शिकिवत न्हाईत."

त्या दिवशी गाडीत मी पिशवीतून वही काढली आणि तिचं नाव लिहून तिच्या मांडीवर ठेवली. शिरूर येईपर्यंत तिनं ते चार वेळा गिरवलं.

शुक्रवारी मॅडमनी आम्हा दोघींचा बाळासोबत फोटो काढला आणि ऑफिसच्या बाईंना पाठवला. बाईंनी तो जाहिरात म्हणून ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं फिरला माहीत नाही, पण संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याच्या बायकोनं तो सासूबाईंना दाखवला. खाली लिहिलं होतं, 'अनुभवी व विश्वासू'. हे आम्हाला नंतर कळलं; आम्ही घरी गेलो तेव्हा सासूबाईंनी रोजच्यासारखं मला क्लासचं विचारलं आणि अक्काला गुडघ्याचं.

शनिवारी अकरा वाजता मॅडमच्या दाराची बेल वाजली. बाहेर सासूबाई. नवं लुगडं, एका हातात छत्री, दुसऱ्यात ऑफिसकडून काढून घेतलेल्या पत्त्याची चिठ्ठी.

"ऑफिसनं पाठवलं का?" मॅडमनी विचारलं. "ट्रायलला?"

"ट्रायल म्हंजे?"

"आठ दिवस काम बघायचं. पटलं तर ठेवायचं."

सासूबाईंनी मॅडमच्या खांद्यावरून आत बघितलं. मी भिंतीला टेकले. अक्का एकदम लंगडायला लागली.

"ह्या दोघींची बी तीच हाय का?"

"हो. ओळखता का यांना?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. पापणीसुद्धा लवली नाही. "पन कामाच्या दिसत न्हाईत."

त्या आत आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि रडणाऱ्या ओवीला उचललं. दोन्ही पायांवर आडवी घेतली, कसलंसं जुनं गाणं म्हणत पाय हलवायला लागल्या. ओवी झोपली. आम्हाला पाच दिवसांत तीनदा तेल लावूनही जे इतक्या लवकर जमलं नव्हतं, ते चार मिनिटांत झालं. मग त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ए बाई, नुस्ती बघू नगंस. दुपटी वाळत घाल." आणि अक्काला, "आन तू. गुडघा दुखत असंल तर बसून लसून सोल."

परतीच्या गाडीत तिघींच्या सीटवर आम्ही तिघी. सासूबाई खिडकीशी. आज आपली धडगत नाही म्हणून मी आणि अक्कानं एकमेकींचा हात धरला होता, सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

"घरात आता कुनाचं पोर हाताला येत न्हाई," सासूबाई बाहेर बघत म्हणाल्या. "समदी मोठी झाली. मांडी सुकून गेली माझी." मग माझ्याकडं बघून, "पोरीला खोली करायची होती तर मला इचारायचं. क्लास म्हनं. सुईत दोरा येत न्हाई तुला."

मंगळवारी मॅडमनी निकाल दिला. आम्हा दोघींना एकेक साडी मिळाली, आणि नोकरी सासूबाईंना. तिथंच राहायचं, वेगळी खोली, रविवारी सुट्टी. मुलीच्या खोलीचं भाडं आता त्या देतात. मॅडमना अजूनही वाटतं, आम्ही तिघी तीन गावांच्या.

गेल्या रविवारी जेवताना सासूबाई सांगत होत्या. मॅडमनी त्यांना विचारलं म्हणे, स्वयंपाकाला कुणी बाई आहे का तुमच्या माहितीत?

अक्कानं आणि मी एकदमच विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, हायत दोघी," सासूबाई म्हणाल्या आणि माझी भाकरी ताटात फिरवून बघितली. "पन मी जिम्मेदारी घेत न्हाई."