तीन तारे आणि उघाडीच्या फळ्या

सगुणा भडकली की गावातली कुत्रीसुद्धा वाट सोडतात. आणि या वर्षी ती भडकली मोबाईलवर!

तिचा नवरा महिपती चाळीस वर्षं रोह्याजवळ खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावरची उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार, सांभाळत आला. ओहोटीला फळ्या उचलून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरती लागायच्या आत फळ्या टाकायच्या. घड्याळ कशाला? तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तोंडावर. पण गेल्या दिवाळीपासून माणूस विसरायला लागला. चहा पिऊन पुन्हा चहा मागायचा.

धाटावच्या कारखान्यात शिफ्ट करणारा मुलगा विशाल, मोठा शहाणा! त्याने बापाच्या मोबाईलवर स्मरणशक्तीचा खेळ टाकला. झाकलेल्या चित्रांच्या जोड्या लावायच्या. महिन्याभरात महिपतीला तीन-तीन तारे मिळायला लागले.

"बघ आये, बाबांचं डोकं कसं चालतंय! उघाडी त्यांच्याकडेच ठेव."

"चित्रं लावतो, व्हय. आज तिथी कुठली ते विचार त्याला! बांधावर मी जाते सोबत."

"काय गरज नाय. उगाच त्यांना खचवतेस."

सगुणा गप्प बसली. आयुष्यात एकदा गप्प बसली, त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग.

सर्वपित्री अमावास्येला ती घरी पितरांचा स्वयंपाक करत होती. महिपतीने सकाळी सहाला फळ्या उचलल्या आणि तिथेच बांधावर खेळत बसला. बाराला उधाण आलं. लोंब्या आलेल्या भातात गुडघाभर खारं पाणी. त्यांच्याही आणि शेजारच्या चार घरांच्याही.

विशाल धावत आला, बापाच्या हातातला मोबाईल बघतच राहिला. "पण आये, आजपण तीन तारे..."

"चुलीत घाल तुझे तारे! खेळून माणूस खेळातच हुशार होतो मेल्या, उघाडीवर नाय! बापासोबत बांधावर यायला तुला वेळ नव्हता, म्हणून खेळणं दिलंस त्याच्या हातात!"

शेजारी जमले होते, शिव्या घालत होते. महिपतीने पाण्यात बोट बुडवून चाखलं. त्याचा चेहराच उतरला.

"खारं हाय गो. फळ्या टाकायच्या कोण विसरला?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मी," सगुणा म्हणाली. "माझ्याच ध्यानातून गेलं."

"चाळीस वर्षांत मी एकदा नाय चुकलो, आणि तू एका दिवसात सगळं बुडवलंस!"

तो चारचौघांत तिच्यावर ओरडत राहिला. सगुणाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.