मोहरीएवढ्या गोगलगायी

परतवाड्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. समोर मेळघाटाचे डोंगर, आणि जीपवाले चिखलदऱ्याला चला म्हणून हात धरून ओढत होते. मला मात्र शेजारच्या अचलपुरात, मित्राच्या बहिणीच्या, विमलताईंच्या, परसातली विहीर बघायची होती. तिच्या जुन्या चुन्याच्या कठड्यावर मोहरीएवढ्या गोगलगायी राहतात, असं मित्र म्हणाला होता. गोगलगाय बघायला साताऱ्याहून कोणी जातं का, असं बायकोने विचारलंच होतं.

पोचलो आणि पाहतो तो काय, गवंडी कठडा खरवडत बसलेला. चुन्याचा ढीग खाली पडला होता.

"विमलताई, एक दिवस थांबायचं होतं हो," मी कळवळून म्हणालो.

"कठडा हालून राहिला होता, भाऊ. लेकरं तितंच पाणी काढतात. तुमच्या गोगलगायीपायी त्यायले विहिरीत पाडू का?"

मी भिंग काढून ढिगापाशी बसलो. शंखलं भरपूर होती, पण उन्हाळ्यात गोगलगायी शंखाच्या तोंडावर पातळ पडदा ओढून निजतात. जिवंत कोणती आणि रिकामी कोणती, काही कळेना. माझा पडलेला चेहरा ताईंना बघवेना. त्यांनी ढिगातले खडे निवडले आणि उरलेलं सुपात घेऊन हलक्या हाताने पाखडलं. धुळीबरोबर रिकामी शंखलं उडाली.

"दाणा नसलेलं पोचट उडते, भरलेलं राहाते," त्या म्हणाल्या.

राहिलेली ओल्या फडक्यावर ठेवून आम्ही ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खायला बसलो. माझं लक्ष त्या फडक्याकडेच होतं.

जेवण संपता संपता एक शंखलं हललं. पडदा फाटला, केसाहून बारीक शिंगं बाहेर आली. भिंगातून बघतो तर काचेसारख्या कवचातून आत काहीतरी उडत होतं, थांबत होतं, पुन्हा उडत होतं. मी भिंग ताईंच्या हातात दिलं.

त्या बराच वेळ वाकून राहिल्या. "माय वं, इचं काळीज दिसून राहिलं." मग गवंड्याकडे वळल्या. "महादूभाऊ, मांगची बाजू पक्की हाये ना? मंग तिले हात नोका लावू. याह्यले तितं ठेवतो."

संध्याकाळच्या बसमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, "मेळघाटात वाघ दिसला का?"

"नाही," मी म्हणालो, "पण मोहरीएवढ्या जिवाचं काळीज धडधडताना पाहिलं."

काका माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हळूच थोडे खिडकीकडे सरकले.