सेन्सरला गंध

आमची गाडी परदेशातून परत आलेल्या एका कुटुंबाकडून घेतलेली होती. तिच्या सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर होते, एक इंजिनाजवळ आणि एक मागे. पुढचा सांगेल त्याप्रमाणे इंजिन पेट्रोल घेई. अशा गाडीला बिनशिशाचंच पेट्रोल लागतं. ते तेव्हा बंगळूरमध्ये नुकतं मिळू लागलं होतं, शहराबाहेर आनेकलच्या बाजूला नाही. नवऱ्याची त्या बाजूला कामानिमित्त ये-जा होती आणि तिथला पंप त्याच्या वाटेवर होता, म्हणून तो गाडीत तिथलंच शिशाचं पेट्रोल भरून आणे. शिशाने पुढचा सेन्सर बिघडतो. तो सरकारी संशोधन संस्थेत इंजिनीअर होता.

थोड्याच दिवसांत गाडी पेट्रोल पिऊ लागली, काळा धूर सोडू लागली आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. शहराच्या या टोकाला आमच्या बनशंकरीहून तिथे बसने जाणं मी बरीच वर्षं केलं होतं आणि पुन्हा करणार नव्हते. गाडी गेली की नोकरीही गेली, हे घरात दोघांनाही ठाऊक होतं.

"विकून टाकू," नवरा म्हणाला. "जवळच्या शाळेत ऑफिसचं काम मिळेल तुला. माझ्या ऑफिसातले एक जण दसऱ्याला बघायला येतायत."

"दसऱ्यापर्यंत दिवा विझला तर?"

"तर नाही विकायची," तो लगेच म्हणाला. त्याने आमचा मेकॅनिक पाहिलेला होता.

मेकॅनिक मराठीच, पण त्याचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. मी त्याला अण्णा म्हणे, तो मला अक्का. खरेदी विभागात असल्याचा एवढाच फायदा, की नवा सेन्सर मी मिळवला. मिळाला एकच. अष्टमीच्या संध्याकाळी तो आणि गाडी घेऊन मी गॅरेजात गेले.

अण्णा गाडीखाली शिरला. "सापडला, अक्का! मोकळाच आहे, काढू?"

"तो मागचा. तो नुसता पहारा करतो. पुढचा हवाय."

"पुढे प्लग आहेत फक्त."

गाडीच्या पुस्तकात चित्र होतं. मी बॉनेटमध्ये टॉर्च धरला आणि एक वायर बोटाने धरत खाली गेले. ती इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीवरच्या पत्र्याच्या आड शिरत होती. पत्रा काढला. आत प्लगसारखाच दिसणारा, गंजून घट्ट बसलेला सेन्सर होता.

"प्लगच की हा," अण्णा म्हणाला.

"प्लगला एवढ्या वायरी कधी पाहिल्यास?"

"सरी, बरं," तो म्हणाला आणि पाना लावला. सेन्सर हलला नाही. तेल सोडून तसाच मुरत ठेवायचा ठरला. नवा सेन्सर मी त्याच्याकडे ठेवून घरी आले. ही चूक होती.

दुसऱ्या दिवशी नवमी, म्हणजे इथली आयुधपूजा. गॅरेजात पाने, जॅक, हातोडे रांगेने मांडलेले, सगळ्यांना झेंडूची फुलं. मधोमध माझा सेन्सर, खोक्यातून काढलेला, टोकावर ओलं गंध आणि त्यावर कुंकू. ते टोकच ऑक्सिजन मोजतं. त्याला बारीक भोकं असतात आणि हातसुद्धा लावायचा नसतो.

"अण्णा, हे कोणी केलं?"

"घरच्यांनी. नवं सामान आहे, पूजेत ठेवायला नको?"

"टोकालाच गंध?"

"मग कपाळ कुठलं त्याचं?"

तो पेट्रोलने धुवायला निघाला. मी सेन्सर हिसकावून घेतला, कोरड्या ब्रशने जमेल तेवढा साफ केला. भोकांतलं गंध निघालं नाही.

"चला, बसवू," मी म्हणाले.

"आज? पाने पूजेत आहेत, अक्का. आज हात नाही लावायचा. उद्या पहाटे."

दसऱ्याला पहाटे अण्णाने पूजा हलवली आणि इंजिन थोडं गरम करून पाना लावला. त्याने दोनदा देवाचं नाव घेतलं आणि एकदा दुसरंच काही. जुना सेन्सर निघाला. गंधवाला मी हाताने पेचात बसवला, त्याने आवळला. बॅटरीची वायर काढून परत लावली तेव्हा दिवा विझला.

"वायर काढली की कोणताही दिवा विझतो," घरी नवरा म्हणाला. "चालवून दाखव."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते पुढे बसलं, नवरा मागे, आणि मी बनशंकरीच्या देवळाला वळसा घालून निघाले. रस्त्याकडे तिघांपैकी फक्त मी बघत होते, तेही अधूनमधून. सिग्नलला थांबलो तेव्हा धुराला चंदनाचा वास आला.

"अत्तर वगैरे लावता का गाडीला?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"काल पूजा झाली," मी म्हणाले.

इंजिन तापलं. दिवा लागला नाही. काळा धूर नाही, धक्के नाहीत. घरासमोर थांबलो तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, "पसंत आहे. मुहूर्तावरच घेऊन टाकतो."

मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि आरशातून मागे बघितलं. नवऱ्याने घसा खाकरला.

"तुम्हाला उगाच त्रास दिला," तो म्हणाला. "गाडी द्यायची नाहीये. हिला कामावर जायला लागते."

गिऱ्हाईक चहा न घेता गेलं. नवरा त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला, चालत.